सातवीच्या एकेचाळीस चिठ्ठ्या

आमच्या बाईंना पोरं मोजणीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. मला म्हणायच्या, "मावशी, बाकीच्यांना काय काय नावं पडलीत बघा. त्या मानानं मी सुटले." मावशी म्हणजे मी, शाळेची शिपाई. नवरा गेला तेव्हा त्याच्या जागेवर लागले आणि तेहतीस वर्षं त्या शाळेची घंटा माझ्या हातात राहिली. कुणी काही म्हणो, शाळेत घंटेइतकं कुणाचं चालत नाही. हेडमास्तर घसा कोरडा पडेपर्यंत ओरडायचे, पोरं ढिम्म. मी दोन टोले दिले की सव्वाशे पोरं मुकाट्यानं रांगेत. आणि एकदा रांग लागली की बोलायचं नाही, हा नियम.

आता बाई शहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, एकट्या राहतात. मी रोज सकाळी जाते. अंघोळीला पाणी देते, वेणी घालते, मग शेंगांचं ताट पुढ्यात ठेवते, हाताला चाळा म्हणून. बाई शेंगा सोलतात आणि दाण्यांचे दोन ढीग करतात. एक मोठा, एक लहान. मग मोठ्यातले सात दाणे उचलून लहानात टाकतात. थोड्या वेळानं परत काढतात. परत टाकतात. ओठ हलत असतात. मी पाठ फिरवून भांडी घासत बसते, कारण ती मोजणी कसली ते मला ठाऊक आहे. बाईंचे डोळे मिटायच्या आत ते सात दाणे एकदाचे आपल्या जागेवर पडावेत, एवढंच मला हवं होतं. बाकी ह्या वयात मागायचं तरी काय?

पण हे असं मधूनच कळायचं नाही. सुरुवातीपासून सांगते.

बाई ऊठसूट मत घ्यायच्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद? हात वर करा. आधी गणित की भूगोल? हात वर करा. मी दारात उभी राहून हसायचे. म्हटलं, "बाई, ही शाळा आहे की बाजार?" तर म्हणाल्या, "बाजारात मोठ्या आवाजाचं चालतं, मावशी. इथे आपण हात मोजतो." शाळेत मला 'तुम्ही' म्हणणारं हे एकच माणूस. बाकी हेडमास्तरांपासून पहिलीतल्या शेंबड्यापर्यंत सगळे 'ए मावशी'.

वर्ग तरी कसला होता! वरच्या आळीतली खात्यापित्या घरची पोरं, खाणीवर दगड फोडणाऱ्यांची पोरं, धरणात गावं गेली म्हणून नदीपलीकडून आलेली पोरं. घरी बोलायच्या भाषा चार, देव वेगळे, आणि एकमेकांच्या डब्याकडे बघून नाकं मुरडायची ती वेगळीच. बाईंनी एक खूळ काढलं. दर सोमवारी एका पोरानं आपल्या घरचा एक शब्द फळ्यावर लिहायचा आणि आठवडाभर सगळ्यांनी तोच वापरायचा. एका आठवड्यात अख्खी शाळा पाण्याला भलतंच काहीतरी म्हणत होती. हेडमास्तर मला म्हणाले, "पाणी आण," आणि माझ्या तोंडून तोच शब्द गेला. असे डोळे वटारले त्यांनी!

वर्षातून एकदा मात्र खरी निवडणूक. शाळेचा प्रमुख सातवीनं आपल्यातून निवडायचा. प्रमुखाला पितळी बिल्ला मिळायचा, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मिळायची, आणि दर शनिवारी बाईंच्या बरोबर, जो पोरगा आठवडाभर शाळेत आला नसेल त्याच्या दारात जायचं. दार वाजवून विचारायचं, काय झालं, का नाही आलास? बाई मागे उभ्या राहायच्या, बोलायचं प्रमुखानं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला चीर पाडलेली. चिठ्ठीवर पोरं हाक मारायचं नाव लिहायची. मग बाई डबा टेबलावर सगळ्यांच्या समोर उलटा करायच्या, एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायच्या, वर्गाच्या चारी बाजूंना फिरवून दाखवायच्या आणि फळ्याच्या चौकटीला एक खिळा होता त्याला टोचून ठेवायच्या. पोरं श्वास रोखून बघायची. मीसुद्धा कामधंदा सोडून दारात.

त्या दिवसांत मी वाचायला शिकत होते. बाईंनीच मागे लागून बसवलं. मी म्हटलं, "आता ह्या वयात काय दिवे लावायचेत?" तर म्हणाल्या, "मावशी, आपल्याला वाचता येत नसलं की आपल्या वतीनं दुसरा वाचतो. आणि तो काय वाचेल ते त्याच्या मनावर." मधल्या सुट्टीत त्या डबा खायच्या आणि मी समोर पाटी घेऊन. आठ महिने झाले तरी बाईंचं बोट अक्षराखाली फिरल्याशिवाय माझी गाडी हलायची नाही. जोडाक्षर आलं की मी पाटी खाली ठेवून घंटेकडे बघायचे. पोरं खिदळायची, "मावशीला सुट्टी हवी!"

त्या वर्षी उभे राहिले दोघं. एक भिंगरी. खाणीवरच्या पत्र्याच्या खोल्यांतली. एका जागी दोन मिनिटं बसली तर शपथ. शाळेत आली तेव्हा आमच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, नुसती गोल गोल फिरत राहायची, म्हणून भिंगरी. वर्षभरात अशी बोलायला लागली की विचारू नका. दुसरा वरच्या आळीतल्या औषधवाल्याचा मुलगा. बापाच्या दुकानात जगातली सगळी औषधं आणि ह्याचं नाक बारा महिने गळतंय. त्याला सगळे शिंक्या म्हणायचे. गरीब स्वभावाचं पोर, बापानं ढकललं म्हणून उभं राहिलं. बोलायची वेळ आली तेव्हा तो तीनदा शिंकला आणि खाली बसला. भिंगरी म्हणाली, "तुम्ही शाळेत आला नाहीत तर मी ओरडणार नाही. मी विचारीन. मी गैरहजर होते तेव्हा मला कुणीतरी विचारलं होतं, मला बरं वाटलं होतं." एवढंच. वर्गानं बाकं बडवली.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी वरच्या आळीतले सातजण हेडमास्तरांकडे आले. औषधवाला पुढे. मी चहा घेऊन आत गेले. आम्ही शिपाई माणसं खोलीत असलो तरी असून नसल्यासारखी, म्हणून त्यांनी बोलणं थांबवलं नाही. औषधवाला म्हणत होता, "ती मुलगी आमच्या दारात उभी राहून आम्हाला जाब विचारणार? खाणीवरची? मास्तर, आमची तीस मुलं आहेत इथे. उद्या नवीन शाळेत नाव घालायला आम्हाला एक सकाळ पुरे." तीस पोरं गेली की पट शंभराच्या खाली येणार. शंभराच्या खाली आला की शाळा बंद आणि उरलेल्यांनी मोठा रस्ता ओलांडून चार मैल चालत जायचं. खाणीवरची पोरं तिकडे जायची नाहीत, हे आंधळ्यालाही दिसत होतं. हेडमास्तर म्हणजे ओला खडू. ना धड उमटायचा, ना धड पुसायचा. आळीतले सातजण गेल्यावर त्यांनी बाईंना आत बोलावलं. दार लागलं. बाईंचा आवाज आधी चढला. मग हेडमास्तरांचा ऐकू आला, "एका वर्षाचा प्रश्न आहे हो!"

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी दारात होतेच. बाईंनी डबा उचलला, आणि उलटा न करता काखेत घेतला. "मी मोजून येते," म्हणाल्या. असं कधी झालं नव्हतं. वर्ग इतका गप्प झाला की मला माझ्याच बांगड्या ऐकू आल्या. बाई कचेरीत गेल्या, दार लावून घेतलं. पोरं तशीच बसून राहिली, टेबलाकडे बघत. रिकाम्या टेबलाकडे. खिळ्याकडे. ते बसणं मी जन्मात विसरणार नाही.

बाई परत आल्या. म्हणाल्या, "शिंक्या. एकवीस विरुद्ध वीस." मला नंतर कळलं, बाईंनी एका मताचाच फरक का ठेवला ते. पोरीला कमी लागावं म्हणून. कनवाळू ना बाई! सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या सांगू? भिंगरीनं.

मधली सुट्टी झाली. पोरं पाण्याच्या टाकीमागे गोळा झाली, एरवी पळायची, आज चालत गेली. मी घंटेपाशी. तिथून टाकीमागचं सगळं दिसतं. भिंगरीला ज्यांनी मत दिलं त्यांचा एकेक हात वर गेला. बाईंनीच लावलेली सवय. भिंगरी मध्ये उभी राहून मोजत होती. मीही मोजले. सव्वीस. मग एक एक करून सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सगळ्यांचे हात अजून वर. ऊन फार होतं त्या दिवशी, पोरांना त्रास झाला असता, आणि हेडमास्तर खिडकीत आले तर काय, असं सगळं मनात येऊन मी दोरीला हात घातला. पाच मिनिटं आधी झाली घंटा. एवढं काय, पाचच मिनिटं. हात खाली आले आणि पोरं रांगेत लागली.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला हाक मारली. वर्तमानपत्रात बांधलेली पुरचुंडी हातात दिली. "मावशी, हे जाळून टाका." डोळे वर केले नाहीत त्यांनी.

मी मागच्या बाजूला गेले, जिथे कचरा जाळायचो. काडी काढली. आणि काय झालं देव जाणे, मी एक चिठ्ठी उघडली. भिं. ग. री. भिंगरी! खाली कुणाचं बोट नाही, शेजारी कुणी नाही, आणि मी एकटीनं वाचलं! इतका आनंद झाला, इतका, की मी तिथे राखेत फतकल मारून बसले आणि दुसरी उघडली. भिंगरी. तिसरी. भिंगरी. चौथीला जोडाक्षर होतं, घाम फुटला, पण लागलं, शिंक्या. मग परत भिंगरी. दहाएक झाल्यावर आनंद कुठल्या कुठे गेला. सगळ्या मोजल्या तेव्हा भिंगरीच्या सत्तावीस होत्या आणि शिंक्याच्या चौदा. चौदात सात घातले की एकवीस. ते सात बाईंनी कचेरीत बसून इकडून तिकडे टाकले होते.

मी वर्तमानपत्र जाळलं, धूर दिसावा म्हणून. चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यात घालून घरी नेल्या. का नेल्या, मला विचारू नका. बोलायची छाती नव्हती आणि जाळायचीही नव्हती. दोन पोरं घरात, नोकरी नवऱ्याच्या जागेवरची. बोलले असते तर हेडमास्तरांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि बोलायचं कुणाबद्दल? तर जिनं मला वाचायला शिकवलं तिच्याबद्दल. तेव्हापासून एकच गोष्ट डोकं पोखरत राहिली. मला वाचता येतं हे बाई त्या दिवशी विसरल्या होत्या का?

शाळा वाचली, हो. अजून आहे. शिंक्या बिल्ला लावून शनिवारी लोकांच्या दारात जायचा आणि दार उघडलं की शिंकायचा. विचारायचा नाही काहीच. भिंगरी वर्ष संपेपर्यंत आली, पुढच्या वर्षी आठवीला गेली नाही. तिच्या दारात कुणी विचारायलाही गेलं नाही. तिच्या दारात जायचं आणि विचारायचं काय? बाईंनी निवडणूक बंद केली. खिडकीचं मतही बंद. उकडलं की स्वतः उठून खिडकी उघडायच्या. पोरांना त्या नंतरही छान शिकवायच्या, त्यांच्या हाताखालची पोरं आजही पत्र वाचतात, अर्ज लिहितात, कुणासमोर अडत नाहीत. पण त्या सातवीच्या वर्गानं त्यांच्याकडून जे शिकायचं ते त्या दिवशी शिकून घेतलं होतं. मोठ्या निवडणुकीत आमची शाळा मतदान केंद्र असायची, खोल्या मीच उघडून द्यायचे. ती एकेचाळीस पोरं मोठी झाली, मिशा आल्या, कडेवर मुलं आली. फाटकापाशी भेटली की मी म्हणायचे, "काय रे, मत दिलंस का?" तर हसून म्हणायची, "मोजणार कोण, मावशी?" मी कुणाकुणाकडून ऐकलं ते! वेगवेगळ्या आळीतली, वेगवेगळ्या देवांची पोरं, एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत आता, पण हे वाक्य सगळ्यांचं एकच.

मी भुताखेतांना मानत नाही. पण ती सातवी बसायची त्या चौथ्या नंबरच्या खोलीचं कुलूप लावताना मी कधी आत बघितलं नाही. संध्याकाळी सगळ्या खोल्या रिकाम्या असायच्या, ती नसायची. आत कुणी हलत नाही, बोलत नाही, नुसतं बसलेलं असतं. एकेचाळीस. टेबलाकडे बघत. डबा कधी उलटा होतोय म्हणून. म्हातारी झाले, निवृत्त झाले, तरी कधीमधी भर दुपारी घरात बसल्याबसल्या ती शांतता कानात येते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणाले असते, म्हातारीचं डोकं फिरलं.

गेल्या महिन्यात परत निवडणूक झाली. बाई हट्टाला पेटल्या, मला मत द्यायला घेऊन चला. मी रिक्षा केली, धरून धरून व्हरांड्यापर्यंत नेलं. आमचं केंद्र नेमकं चौथी खोली. दारात गेल्यावर बाई थांबल्या. आत पाच-सहा अधिकारी, यादी, शाई, नेहमीचंच सगळं. मी म्हटलं, "चला ना बाई, लोक खोळंबलेत." बाईंनी माझं मनगट असं घट्ट धरलं की वळ उठला. हळूच म्हणाल्या, "मुलं बसलीत, मावशी. अजून बसलीत." आणि मागे फिरल्या.

म्हणजे त्यांनाही दिसतात! एकतीस वर्षं आम्ही दोघी एकाच दाराशी उभ्या होतो आणि एकमेकींना बोललो नाही. रिक्षात बाई रडल्या. मी नाही रडले. मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी खडूचं खोकं पिशवीत घातलं आणि भिंगरीला शोधायला निघाले. शोधायचं काय त्यात, सगळ्यांना ठाऊक होतं. शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावते. लांबलचक खोली, साठ मशिनं, आणि सगळ्यांच्या मधून फिरणारी एक बाई, गळ्यात दोरीला कात्री, छातीवर सुया टोचलेल्या. त्रेचाळीस वर्षांची झाली तरी एका जागी नाही! मला बघून म्हणाली, "अगं बाई, मावशी! घंटा विसरलीस वाटतं आणायला?" मी तिला जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली.

"हे सांगायला आलीस?" म्हणाली. "मला माहीत आहे, मावशी. आम्ही मोजलं होतं. सव्वीस."

"सत्तावीस," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. "टाकीमागे सव्वीस हात होते. माझा धरून."

"टाकीमागे सगळे नव्हते. एकजण वर्गात बिल्ला लावून बसला होता." मी ती चिठ्ठी वरच ठेवली होती. भिंगरीचं नाव, आणि कोपऱ्यात सगळी शाई ओल्यानं पसरलेली. दुसऱ्या कुणाचं नाक इतकं गळत होतं? भिंगरीनं ती चिठ्ठी हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. "शिंक्या मेला," म्हणाली, आणि डोळे पुसले. मेला म्हणजे तसा नाही, जिवंत आहे, बापाचं दुकान चालवतो. मग म्हणाली, "मत मागायला येतात ना, त्यांना मी विचारते, मोजताना मला समोर बसू द्याल का? हसतात. चल, कुठे यायचं?"

बाई खाटेवर बसल्या होत्या, शेंगांचं ताट पुढ्यात. भिंगरीला त्यांनी लगेच ओळखलं. दाण्यांवरचा हात थांबला. मी खोकं त्यांच्यासमोर ठेवलं आणि झाकण काढलं. कागद पिवळे पडले होते.

"जाळल्या नाहीत तुम्ही," म्हणाल्या.

"मला वाचता येत होतं, बाई."

"माहीत होतं मला," बाई म्हणाल्या. "मीच शिकवलं होतं ना. म्हणून तर तुमच्याकडे दिल्या."

आईशप्पथ, असा संताप आला मला! एकतीस वर्षं मी त्या प्रश्नापायी झुरले आणि उत्तर हे? मी ओरडलेच. "म्हणजे तुम्ही खोटं बोलायचं आणि खरं बोलायचं ते मी? मी शिपाई बाईमाणूस! दोन पोरं पदरात! तुम्हाला नोकरी होती, मान होता, तुम्ही का नाही बोललात?"

"माझी हिंमत झाली नाही," बाई म्हणाल्या. "वाटलं, तुम्ही बोलाल. रोज सकाळी शाळेत यायचे तेव्हा वाटायचं, आज मावशी सगळ्यांसमोर बोलणार. तुम्ही बोलला असतात तर मी नाही म्हटलं नसतं. मग वाटायला लागलं, बरं झालं नाही बोललात. शाळा तर वाचली. ते दोन्ही खरं आहे, मावशी. मी काय करू?"

भांडायला समोर निदान धडधाकट माणूस तरी लागतं.

भिंगरी इतका वेळ उभीच होती. ती पुढे झाली, ताट उचलून बाजूला ठेवलं आणि खोकं उलटं केलं. "आधी मोजा," म्हणाली. "समोर."

बाईंनी पहिली चिठ्ठी उघडली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, दिसेना. मग माझ्या हातात दिली. मी वाचली, मोठ्यानं. "भिंगरी." चारी बाजूंना दाखवली. खोलीत आम्ही तिघीच, तरी दाखवली. भिंगरीनं छातीवरची दोरा ओवलेली सुई काढली आणि चिठ्ठी त्यात ओवली. त्या चिठ्ठ्यांना तोवर भोक पडलेलं नव्हतं. "शिंक्या." ओवली. "भिंगरी." ओवली. बाई बोटांवर मोजत होत्या. एकेचाळीसावी झाली तेव्हा भिंगरीनं दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "आता सांगा, बाई."

बाई खाटेवर ताठ बसल्या. वर्गातला तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "भिंगरी. सत्तावीस विरुद्ध चौदा." आणि मग हळू आवाजात, "मी खोटं सांगितलं होतं, बाळ. माझं चुकलं."

भिंगरीनं मान हलवली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. बाईंनी तिचा हात धरला तो धरू दिला. मला वाटलं, झालं, सुटलो. सात दाणे जागेवर पडले. मी डोळे पुसून चहा टाकायला उठले.

"मावशी," ती मागून म्हणाली. "त्या दिवशी तू घंटा लवकर का वाजवलीस?"

मी भांडं खाली ठेवलं.

"पाच मिनिटं बाकी होती. औषधवाल्याच्या दुकानातलं घड्याळ दिसायचं टाकीमागून. आमचं ठरलं होतं, सगळ्यांनी मिळून कचेरीत जायचं आणि डबा परत उघडा म्हणायचं. मी पुढे होणार होते. तेवढ्यात घंटा झाली. आणि घंटा झाल्यावर रांग, आणि रांगेत बोलायचं नाही." ती चिडली नव्हती. नुसती विचारत होती, गैरहजर पोराच्या दारात उभं राहून विचारावं तशी. "रांग सुटेपर्यंत सगळ्यांची हिंमत गेली, मावशी. माझीही गेली."

खोटं सांगणार होते. ऊन होतं म्हणणार होते. एकतीस वर्षं स्वतःला तेच सांगत आले होते. पण समोर चिठ्ठ्यांची ती माळ पडली होती.

"मला भीती वाटली," मी म्हटलं. "तुम्ही सगळे हात वर करून माझ्याकडे बघत होतात."

"हो," भिंगरी म्हणाली. "मोजायला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं. म्हणून तुझ्याकडे बघत होतो."